दंडावाचून समाज : बुद्धाचा संघ आणि अराजकवादी विचार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



‘बौद्ध धम्म आणि अराजकवादी राजकीय विचार’ हा विषय आम्ही मंडळास कळविला, तेव्हा चिटणीसांचे मोठे सौजन्यपूर्ण पत्र आले. उत्सवाचे दिवस आहेत, मुलेबाळे येतील, विषय जरा जड तर होणार नाही ना, असा त्यात भाव होता. शंका रास्त होती. तरीही आम्ही हट्ट सोडला नाही, याला कारण हे शहर. आज आपण पाटण्यात बसलो आहोत. आणि पाटणे मुळात ज्या कारणासाठी वसले, त्या कारणापाशीच आमच्या विषयाचा प्रारंभ होतो. गंगेच्या या तीरावर मगधाचा राजा अजातशत्रू, आणि पलीकडच्या तीरावर राजा नसलेले वज्जी. पलीकडच्यांना आवर घालण्यासाठी अलीकडे एक गढी हवी होती. त्या गढीचेच पुढे पाटलिपुत्र झाले. गेली पन्नास वर्षे येथे गणपती बसविणाऱ्या मराठी कुटुंबांना त्या मूळ भांडणात रस वाटावा, अशी आमची अपेक्षा आहे.

‘अराजक’ हा शब्द आपण मराठीत बहुधा दूषण म्हणूनच वापरतो. अराजक माजले म्हटले की लूटमार, जाळपोळ, कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही, असे चित्र उभे राहते. पण गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकात युरोपात काही माणसांनी हे दूषण भूषण म्हणून अंगावर घेतले. फ्रान्समध्ये प्रूदाँने १८४० साली स्वतःला अराजकवादी म्हणवून घेतले. रशियाचा सरदारपुत्र क्रोपॉट्‌किन याने १९०२ साली ‘परस्पर साहाय्य’ या विषयावर एक थोर ग्रंथ लिहिला. जगण्याच्या झगड्यात टिकतात ते केवळ बलवान नव्हेत, एकमेकांना धरून राहणारेही टिकतात, हे त्याने मुंग्यांपासून मध्ययुगीन नगरांपर्यंत दाखले देऊन मांडले, आणि ग्रंथाच्या अखेरीस आद्य बौद्ध धर्माचाही ओझरता उल्लेख केला. या मंडळींचे म्हणणे थोडक्यात असे की, समाज एकत्र राहतो तो शासनाच्या दंडुक्यामुळे नव्हे. तो दंडुका असूनही एकत्र राहतो. याहून अधिक खोलात आज जाण्याचे कारण नाही.

आपल्याकडे या प्रश्नाचे दोन मासे आहेत. एक सर्वांच्या परिचयाचा. दंड नसेल तर मोठा मासा लहान माशाला गिळतो. हा मत्स्यन्याय कौटिल्याने सांगितला, महाभारताच्या शांतिपर्वात तो आहे, आणि राजा कशासाठी हवा याचे तेच आपले नेहमीचे उत्तर. दुसरा मासा तितका प्रसिद्ध नाही. तो सुत्तनिपातातील अत्तदंड सुत्तात आहे. तेथे बुद्ध स्वतःला झालेल्या उद्वेगाचे वर्णन करतात. आटत चाललेल्या थोड्याशा पाण्यात मासे तडफडावेत तशी माणसे एकमेकांशी झगडताना त्यांना दिसली, आणि त्यांच्या ध्यानात आले की भय हे हाती दंड घेतल्यामुळेच उत्पन्न होते. दोन्हींकडे मासेच, पण कौटिल्याच्या म्हणण्याप्रमाणे दंड हा भयावरचा उपाय आहे, बुद्धाच्या म्हणण्याप्रमाणे दंड हाच भयाचा उगम आहे.

या सुत्ताकडे मराठी वाचकांचे लक्ष वेधले ते गोव्यातील साखवळचे आचार्य धर्मानंद कोसंबी यांनी. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही कथा आपण शाळेत शिकलो. कोसंबींनी १९४०-४१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात ती बाजूला ठेवली, आणि शाक्य व कोलिय यांच्यातील शस्त्राचे भांडण हेच गृहत्यागाचे कारण असावे, असे अत्तदंड सुत्ताच्या आधारे मांडले. रोहिणी नदीच्या पाण्यावरून हे दोन शेजारी एकमेकांवर उठत असत. म्हणजे माशांची उपमा तेथे निव्वळ उपमा नव्हती, पाणी खरोखरच थोडे होते.

आता पाटण्याकडे येऊ. महापरिनिब्बान सुत्ताचा आरंभ असा आहे : अजातशत्रूला वज्जींचे निर्मूलन करावयाचे आहे, आणि त्यासाठी त्याने आपला अमात्य वस्सकार याला राजगृहाच्या गृध्रकूटावर बुद्धाकडे पाठविले आहे. बुद्ध त्याला थेट उत्तर देत नाहीत. मागे उभा राहून वारा घालणाऱ्या आनंदाला ते एकामागून एक सात प्रश्न विचारतात. वज्जी वारंवार सभा भरवतात काय? एकत्र येतात, एकत्र उठतात, एकत्र कामे करतात काय? वडीलधाऱ्यांचे ऐकतात काय? कुलस्त्रियांवर जबरदस्ती तर करीत नाहीत ना? असे सात. आनंद प्रत्येकाला होकार देतो, आणि हे चालू आहे तोवर वज्जींची हानी होणार नाही, असे बुद्ध म्हणतात. वस्सकार चतुर होता. युद्धाने काम होणार नाही, फूट पाडावी लागेल, एवढे त्याने ताडले आणि तो निघून गेला. तो जाताच बुद्धांनी राजगृहाच्या परिसरातील सर्व भिक्षूंना एकत्र बोलावले, आणि तेच सात नियम, भिक्षूंना लागू पडतील असे करून, संघाला घालून दिले. राजा नसलेल्या लोकांचा कारभार हाच संघाचा नमुना ठरला. पुढे उत्तरेकडे जाताना ते पाटलिग्रामात उतरले, तेव्हा हाच वस्सकार तेथे गढी बांधून घेत होता. या नगराला तीन भये राहतील, अग्नीचे, पाण्याचे आणि आपसांतील फुटीचे, असे बुद्ध म्हणाल्याची नोंद आहे. पुराचा अनुभव येथील श्रोत्यांना आम्ही सांगावयास नको.

बुद्धांनी आपल्यामागे कोणालाही गादी दिली नाही. हा केवळ विनय नव्हता. त्यांच्या निर्वाणानंतर राजगृहात घडलेला एक संवाद मज्झिमनिकायात आहे, आणि आमच्या मते आजच्या विषयावर पाली वाङ्मयात त्याच्याइतके नेमके दुसरे काही नाही. प्रद्योत राजा चाल करून येईल या संशयाने अजातशत्रू तटबंदी दुरुस्त करवीत होता. भिक्षेची वेळ व्हावयाची होती म्हणून आनंद त्या बांधकामावर गोपक मोग्गल्लान नावाच्या ब्राह्मणाला भेटावयास गेला, आणि तेथे पुन्हा आपला वस्सकार पाहणीसाठी आला. त्याने विचारले, गोतमांनी आपल्यामागे कोणाला नेमले आहे काय? नाही. मग संघाने मिळून कोणाला निवडले आहे काय? तेही नाही. राज्य चालविणाऱ्या माणसाला हे कळणे कठीण होते. मग तुम्ही एकत्र राहता ते कशाच्या आधारावर, असे त्याने विचारले. आनंदाचे उत्तर असे की, आम्ही निराधार नाही, धम्म हा आमचा आधार आहे. उपोसथाच्या दिवशी एका गावाच्या आसऱ्याने राहणारे आम्ही सारे जमतो, पातिमोक्खाचे नियम म्हणतो, कोणाकडून दोष घडला असेल तर नियमाप्रमाणे त्याचा निर्णय करतो. आणि हे आमच्याकडून कोणी माणूस करवून घेत नाही, धम्म करवून घेतो. मागे तटाच्या भिंती चढत आहेत, दगड फुटत आहेत, आणि हा एक वल्कलासारखी जीर्ण चीवरे पांघरलेला भिक्षू अमात्याला सांगत आहे की आमच्यात कोणी प्रमुख नाही. हे चित्र आमच्या मनातून जात नाही.

‘धम्म करवून घेतो’ म्हणजे प्रत्यक्षात काय? त्याची यंत्रणा विनयपिटकात आहे आणि ती कोणत्याही संस्थेच्या घटनेइतकी बारकाईची आहे. प्रस्ताव मांडावयाचा, त्याला ज्ञप्ती म्हणत. साध्या कामाला तो एकदा, महत्त्वाच्या कामाला तीनदा सभेपुढे पुकारावयाचा. ज्याला मान्य असेल त्याने गप्प राहावे, नसेल त्याने बोलावे. मतभेद मिटेनात तर शलाका, म्हणजे काड्या, वाटून मते मोजावयाची. त्यासाठी निःपक्षपाती शलाकाग्राहक नेमावयाचा. मतदान गुप्त, कानात सांगून, किंवा उघड, असे तिन्ही प्रकारचे. गणपूर्तीचाही नियम होता. उपसंपदा द्यावयाची तर मध्यदेशात दहा भिक्षू हवेत. पण अवंतीच्या मुलखात, जेथून आपला दक्षिणापथ सुरू होतो, तेथे महाकच्चानाला सोण नावाच्या शिष्यासाठी दहा भिक्षू जमवावयास तीन वर्षे लागली. तेव्हा बुद्धांनी सीमेवरच्या प्रदेशांकरिता संख्या पाचावर आणली. परमुलखात संस्था चालवणाऱ्यांची अडचण त्यांना कळत होती, असे यावरून दिसते. आपल्या मंडळाच्या वार्षिक सभेची गणपूर्ती घटनेत किती ठेवली आहे, हे आम्ही मुद्दाम विचारले नाही.

या कार्यपद्धतीचे कौतुक करणारे एक गोष्ट सहसा सांगत नाहीत, ती सांगितली पाहिजे. शलाका मोजल्यावर अधर्माच्या बाजूला मते अधिक पडली असे आढळले, तर मते नीट घेतली गेली नाहीत असे म्हणून ती रद्द करण्याची मुभा शलाकाग्राहकाला विनयातच आहे. म्हणजे बहुमत हे अंतिम नव्हे. आधुनिक लोकशाहीवाद्याला हे रुचणार नाही. अराजकवाद्याला मात्र, का कोण जाणे, ते फारसे खटकू नये. बहुमताने अल्पमतावर केलेली सक्ती ही सक्तीच, असे तो नेहमीच म्हणत आला आहे. पण धर्म कोणत्या बाजूला आहे हे शलाकाग्राहकाने कसे ठरवावयाचे, याचे उत्तर दोघांपाशीही नाही.

आणि दंडाचे काय? संघातही माणसेच होती. भांडत, चोरी करीत, अहंकाराने फुगत. छन्न नावाचा भिक्षू, सिद्धार्थाच्या घोड्याबरोबर गेलेला तोच छन्न असे परंपरा सांगते, कोणाचेच ऐकेना. निर्वाणापूर्वी बुद्धांनी त्याला ब्रह्मदंड सांगितला. नाव मोठे भीषण आहे, पण दंड काय? छन्नाला जे बोलावयाचे ते त्याने बोलावे. इतरांनी त्याच्याशी बोलू नये, त्याला उपदेश करू नये. बस्स. आनंदाने कौशांबीला जाऊन हे सांगितले तेव्हा छन्न मूर्च्छित पडला. त्याच कौशांबीत पूर्वी भिक्षूंमध्ये एका क्षुल्लक दोषावरून दोन तट पडले होते. बुद्धांनी समजावून पाहिले, कोणी ऐकले नाही, तेव्हा ते स्वतः उठून एकटे अरण्यात निघून गेले. गुरूने शिष्यांना घालवून दिले नाही, गुरूच निघून गेला. भिक्षूंना वठणीवर आणले ते गावातल्या उपासकांनी. त्यांनी नमस्कार करणे बंद केले, भिक्षा घालणे बंद केले. पोटाला चिमटा बसताच दोन्ही तट श्रावस्तीला क्षमा मागावयास गेले. काठी नाही, कोठडी नाही. बोलणे थांबविणे आणि वाढणे थांबविणे, एवढेच.

येथवर ऐकून कोणी म्हणेल की हा तर अराजकवाद्यांचा आदर्श समाजच झाला. आम्ही तसे म्हणणार नाही. हा संघ राजांच्या सावलीत वाढला, आणि सावलीचे मोल त्याला द्यावे लागले. बिंबिसाराचे सैनिक सीमेवरच्या लढाईतून सटकून भिक्षू होऊ लागले, तेव्हा राजा तक्रार घेऊन आला, आणि राजसेवकाला प्रव्रज्या देऊ नये असा नियम झाला. पुढे तुरुंगातून पळालेल्याला नको, ऋणकोला नको, दासाला नको, असे नियम होत गेले. दंड नसलेल्या घराचे दार, दंडाला जे सर्वांत अधिक भ्यालेले होते त्यांनाच बंद झाले. भिक्षुणींना तर शंभर वर्षांच्या ज्येष्ठतेनंतरही आजच्या भिक्षूपुढे उभे राहून नमस्कार करण्याचा नियम लागला. बुद्धांचा नाइलाज होता असे म्हणता येईल. राजाने मनात आणले असते तर संघ चार दिवसांत उधळला असता. तसे म्हणावयाचे तर म्हणावे, पण नियम काय झाले ते लपवू नये.

आता विसाव्या शतकात येऊ. आधुनिक अराजकवाद आणि बौद्ध विचार हे दोन्ही ज्यांच्या आयुष्यात भेटले, अशा माणसांत आम्हांस दोघे फार जवळचे वाटतात. पहिले लाला हरदयाळ. दिल्लीचे, १८८४ सालचा जन्म, ऑक्सफर्डची सरकारी शिष्यवृत्ती १९०७ साली परत करणारे. १९१० च्या सुमारास ते मार्टिनिक बेटावर एकांतात अत्यंत विरक्त जीवन जगत होते, आणि बुद्धाच्या धर्तीवर जगाला नवा धर्म देण्याचा विचार करीत होते, असे त्यांना तेथे भेटलेल्या भाई परमानंदांनी लिहून ठेवले आहे. तेथून ते अमेरिकेस गेले; स्टॅनफर्डला हिंदी तत्त्वज्ञान शिकवू लागले; अराजकवादी मतांमुळे ती जागा सुटली. मग त्यांनी बाकूनिन या रशियन अराजकवाद्याच्या नावाने ओकलंड येथे एक आश्रम काढला. खाजगी मालमत्ता आणि शासन दोन्ही नष्ट व्हावीत हे त्याचे ध्येय, आणि सभासदांनी अपरिग्रहाचे व्रत घ्यावे ही अट. विहाराचाच आराखडा, नाव मात्र बाकूनिनचे! १९१३ साली गदर चळवळ उभी राहिली. तीत आपले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे होते, आणि तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णु गणेश पिंगळे होते. पिंगळ्यांना १९१५ साली लाहोरच्या तुरुंगात फाशी झाले. हरदयाळ मात्र १९१४ मध्येच अमेरिकेतून निसटले, जर्मनीत गेले, तेथे निराश झाले, आणि १९२० साली ब्रिटिश साम्राज्याची स्तुती करणारे पुस्तक लिहून मोकळे झाले. पिंगळ्यांचे नाव आठवले की ते पुस्तक हातात धरवत नाही. पण उत्तरायुष्यात याच माणसाने लंडन विद्यापीठात बोधिसत्त्वाच्या कल्पनेवर प्रबंध लिहिला. तो १९३२ साली ग्रंथरूपाने निघाला आणि अभ्यासक अजून तो वापरतात. भिक्षू आत्ममग्न झाले, लोकांच्या दुःखाकडे पाहीनासे झाले, त्याविरुद्धची चळवळ म्हणजे बोधिसत्त्वाचा आदर्श, असे त्यांचे प्रतिपादन आहे. त्यात आम्हांस जुना बंडखोर ओळखू येतो.

दुसरे उचियामा गुदो. जपानच्या निइगाता प्रांतात १८७४ साली जन्मलेले हे सोतो झेन पंथाचे पुजारी १९०४ पासून हाकोनेच्या डोंगरातील ओहिरादाई या गरीब खेड्यातल्या रिन्सेन-जी देवळाचे प्रमुख होते. ‘हेइमिन शिम्बुन’ या समाजवादी पत्राचे ते वाचक. सर्व प्राणिमात्रांत बुद्धत्व आहे आणि धम्मात उच्चनीच नाही, हे आपण पुजारी म्हणून सांगत आलो. समाजवादी तेच सांगत आहेत असे आढळले म्हणून आपण समाजवादी झालो, असा त्यांनी स्वतःचा खुलासा केला होता. १९०८ साली सरकारने समाजवाद्यांची धरपकड केली आणि कोणी मुद्रक त्यांचे काही छापीना, तेव्हा गुदोंनी एक लहानसे छापयंत्र मिळविले आणि देवळात बुद्धमूर्तीच्या वेदीखाली लपवून, स्वतःच्या हाताने खिळे जुळवून पत्रके छापली. कुळांना उद्देशून लिहिलेल्या एका पत्रकाच्या हजाराच्या आसपास प्रती त्यांनी गुपचूप पाठविल्या. तुम्ही गरीब का? मागच्या जन्मीच्या पापामुळे नव्हे. तर तुमच्या धान्यावर जमीनदार, सावकार आणि सरकार जगत आहेत म्हणून. आणि सम्राट हा देवाचा वंशज वगैरे काही नाही. हे त्या पत्रकाचे सार. कर्मविपाकाचा सिद्धान्त गरिबाला गप्प बसविण्यासाठी शतकानुशतके वापरणाऱ्या देवळातच, मूर्तीच्या खाली, त्याचे खंडन छापले जात होते.

१९०९ च्या मे महिन्यात त्यांना अटक झाली. देवळात स्फोटके सापडली असे पोलिसांनी सांगितले. शिक्षा भोगत असतानाच १९१० साली सम्राटाच्या हत्येच्या कटाचा प्रसिद्ध खटला उभा राहिला आणि त्यात त्यांना गोवण्यात आले. बंद दाराआड चाललेल्या खटल्यात १८ जानेवारी १९११ रोजी चोवीस जणांना देहान्ताची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवशी बारा जणांची शिक्षा जन्मठेपेवर आली. गुदो उरलेल्या बारांत होते. २४ जानेवारीला त्यांना फाशी दिले. जन्मठेपेवर गेलेल्यांत ताकागी केन्म्यो हे शिन पंथाचे पुजारी होते. त्यांच्या देवळाचे उपासक बहुतांशी जपानमधील अस्पृश्य मानल्या गेलेल्या जमातीचे. १९१४ साली त्यांनी तुरुंगात जीव दिला.

या प्रकरणी सोतो पंथाने काय करावे? निकाल लागण्याचीही वाट न पाहता त्याने १९१० सालीच गुदोंना बहिष्कृत केले. पंथातील त्यांचे स्थान १९९३ साली परत देण्यात आले. मध्ये ब्याऐंशी-त्र्याऐंशी वर्षे गेली. राजाच्या सावलीचे मोल म्हणून आम्ही मघाशी म्हटले ते हेच.

आपल्या देशात या विचाराला मराठी माणसाने दिलेले रूप म्हणजे विनोबा. १९५३ च्या मार्चमध्ये तेव्हाच्या बिहारमधील चांडिल येथे त्यांनी तिसऱ्या शक्तीची कल्पना मांडली : हिंसेच्या विरोधी आणि दंडशक्तीहून भिन्न अशी लोकशक्ती. दंड हा शब्द त्यांनी विचारपूर्वक वापरला होता. पुढच्याच वर्षी बोधगयेच्या संमेलनात जयप्रकाशांनी जीवनदान जाहीर केले, आणि विनोबांनी तेथे समन्वय आश्रम स्थापला. बिहारमध्ये भूदानात वीस लाख एकरांहून अधिक जमिनीची दानपत्रे झाली. त्यांतली बरीच जमीन नापीक, वादग्रस्त किंवा वाटप न झालेली राहिली, हे येथील जुन्या रहिवाशांना ठाऊक आहे. त्याच बोधगयेत महंतांच्या मठाच्या जमिनीसाठी १९७८ पासून भूमिहीनांनी आणि तरुणांनी लढा दिला, आणि १९८० च्या दशकात जमिनी मिळाल्या, काही गावांत तर स्त्रियांच्या नावावर मिळाल्या. पण त्या मिळाल्या तेव्हा लोकशक्तीच्या मागे जमीनधारणेचा कायदा उभा होता. प्रेमाने मागून जे मिळाले नाही ते लढून आणि कायद्याने मिळाले, हे सर्वोदयावर प्रेम असूनही आम्हांस मान्य करावे लागते.

आणि म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे यावे लागते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधानसभेत केलेल्या भाषणात त्यांनी एकाच तासात दोन गोष्टी सांगितल्या. संविधानाचे मार्ग खुले असता असहकार, सत्याग्रह यांसारखे मार्ग वापरणे म्हणजे अराजकाचे व्याकरण होय, ही एक. ती सर्वांना पाठ आहे. दुसरी ही की, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे सारे भारताला नवे नाही, बौद्ध भिक्षुसंघांना ते ठाऊक होते. म्हणजे अराजकाचे भय आणि संघाचा अभिमान एकाच भाषणात. त्यांच्या अखेरच्या दिवसांत हे दोन धागे एकत्र आले. २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडू येथे ते बुद्ध आणि मार्क्स यांच्यावर बोलले; सोळा दिवसांनी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. याच विषयावरच्या त्यांच्या निबंधात त्यांनी साम्यवाद्यांना विचारले आहे की, तुमचे राज्य एक दिवस विरून जाईल म्हणता, मग त्याच्या जागी काय येईल? लोक आपण होऊन पाळतील असे काही नसेल तर येईल ते अराजकच. त्यांच्या मते ती जागा फक्त धम्म घेऊ शकतो. वस्सकाराला आनंदाने दिलेले उत्तर आणि हे उत्तर एकच आहे.

परंतु आंबेडकर आनंदाइतके निश्चिंत नव्हते, आणि त्याचे कारण आम्हांस त्यांच्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या १९५७ साली निघालेल्या ग्रंथात सापडते. सिद्धार्थाच्या गृहत्यागाची कथा त्यांनीही रोहिणीच्या भांडणावर उभी केली आहे. शाक्यांच्या सभेत युद्धाचा ठराव बहुमताने होतो, सिद्धार्थ शस्त्र घेण्यास नकार देतो. तेव्हा सेनापती त्याला बजावतो की, कोसलराजाच्या परवानगीवाचून आम्ही तुला फाशी देऊ शकलो नाही तरी तुझ्या कुटुंबावर सामाजिक बहिष्कार घालू शकतो. ज्यांच्या सभेचा आपण एवढा गौरव करतो, त्यांच्या हातातले हे शस्त्र. हे वाक्य तेथे ठेवणाऱ्या माणसाने बहिष्कार अनुभवला होता. १९२८ साली मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीचे ते सभासद होते, आणि वाण्याने माल न देणे, रस्ते बंद करणे, काम न देणे या गावकीच्या हत्याराचे वर्णन त्या समितीच्या अहवालात आहे.

आमच्या लहानपणी आमच्या गावी एक घर वाळीत टाकलेले होते. कारण काय होते ते आम्हांस कोणी सांगितले नाही. त्यांच्याकडे न्हावी जात नसे, दुकानदार मीठ देत नसे, आणि त्यांच्या मुलाशी शाळेत आम्ही बोलत नसू. आम्हीही बोलत नव्हतो, हे कबूल केले पाहिजे. एका रात्री आमच्या आईने मागच्या दाराने त्या घरच्या बाईला विरजणापुरते दही दिले आणि आम्हांस गप्प राहावयास सांगितले. पोलीस नव्हता, काठी नव्हती, कोठडी नव्हती. बोलणे थांबविले होते आणि देणे थांबविले होते, एवढेच. छन्नाचा ब्रह्मदंड आम्ही प्रथम वाचला तेव्हा आम्हांस कौशांबी दिसली नाही, ते घर दिसले.

दोन्हींत फरक आहे काय? आमच्या मते आहे, आणि सगळा प्रश्न तेथेच येऊन ठेपतो. छन्न आपण होऊन संघात आला होता. मनात आणता तर चीवर ठेवून त्याच संध्याकाळी तो घरी जाऊ शकला असता, कोणी अडविले नसते. ज्या घराला गावाने वाळीत टाकले ते त्या गावात आपण होऊन आलेले नव्हते, जन्मले होते. आणि जावयाचे तर कोठे जाणार? दंड नसलेला समाज हवा असेल तर त्याला येण्याचे दार आणि जाण्याचे दार अशी दोन्ही दारे हवीत. जातीला ती नाहीत. म्हणूनच, राज्य विरून जावे असे मनोमन वाटणाऱ्या आम्हां माणसांनाही, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला तेव्हा बरे वाटले. तो पुढच्या वर्षी अमलात आला. दंडाचा कायदा, त्याच्या स्वागतास आम्ही हजर! यातली विसंगती आम्हांस कळते. ती सोडविता आलेली नाही.

छन्नाचे पुढे काय झाले ते राहिलेच. शुद्धीवर आल्यावर तो एकान्तात गेला, झटून साधना केली आणि अर्हत झाला. मग आनंदाकडे येऊन म्हणाला, आता माझा ब्रह्मदंड मागे घ्यावा. आनंदाने सांगितले, ज्या क्षणी तू अर्हत झालास त्याच क्षणी तो सुटला. आम्ही सोडण्याचा प्रश्नच नाही.

आमचे बोलणे येथे संपले.  संघात मौन म्हणजे संमती असे. पण आपल्या मौनाचा तसा अर्थ घेण्याचे धाडस आम्ही करीत नाही. अध्यक्षांनी अर्धा तास प्रश्नांसाठी राखून ठेवला आहे, तेव्हा ज्यांना पटले नसेल त्यांनी अवश्य बोलावे.